मांसासाठी पाळलेल्या गिनी पिगला उष्ण प्रदेशातले गवत: वाफ्यापासून गव्हाणीपर्यंत

मांसासाठी पाळलेल्या गिनी पिगची वाढ खुंटली की पहिला संशय जातीवर जातो आणि दुसरा रोगावर. पण गव्हाणीत उरलेले गवत हातात घेऊन पाहिले तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते: देठ जाड, पाती खरखरीत, मधूनमधून तुरे. गवत जून झालेले असते. उष्ण प्रदेशातल्या गवतावर हा प्राणी उत्तम वाढू शकतो, पण त्यासाठी गवत कोणत्या वयात कापायचे, सोबत काय द्यायचे आणि किती, हे नेमके ठरवावे लागते. बाकीच्या चुका सुधारता येतात. महिनाभर उशिरा कापलेल्या गवताची भरपाई मात्र कोंड्याच्या पोत्यानेही होत नाही.

आधी पोट समजून घ्या

गिनी पिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. तिथे तो हजारो वर्षे मांसासाठी पाळला जातो. आज कॅमेरून आणि पूर्व काँगोसारख्या उष्ण भागांतही घरोघरी पाळतात. (दोघांच्या नावात ‘गिनी’ असले तरी गिनी गवत आणि गिनी पिग मूळचे एकाच भागातले नाहीत. ते गवत आफ्रिकेचे आहे.)

हा प्राणी रवंथ करत नाही. गाईच्या पोटात गवत आधी आंबते आणि मग लहान आतड्यात पचते. गिनी पिगमध्ये क्रम उलटा आहे. गवत आधी लहान आतड्यातून जाते आणि मग मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या अंधांत्र नावाच्या मोठ्या पिशवीत आंबते. तिथल्या जिवाणूंनी तयार केलेली प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे त्याला लगेच मिळत नाहीत. म्हणून तो स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. हे आजाराचे लक्षण नाही. ते त्याच्या पचनाचा भाग आहे, ते थांबवू नका.

उष्ण प्रदेशातल्या गवतांच्या पातीत शिरा दाट असतात आणि प्रत्येक शिरेभोवती जाड भिंतीच्या पेशींचे कडे असते. त्यामुळे ही गवते उन्हात झपाट्याने वाढतात, पण तितक्याच झपाट्याने चिवट होतात. चार-पाच आठवड्यांच्या गिनी गवतात कोरड्या वजनावर साधारण १० ते १३ टक्के प्रथिने असतात, आणि तेच गवत दहा-बारा आठवडे उभे राहिले तर ती ५ ते ७ टक्क्यांवर येतात. वाढत्या गिनी पिगला आहारात १४ ते १७ टक्के लागतात, दूध पाजणाऱ्या मादीला १८ च्या आसपास. म्हणजे कोवळ्यात कोवळे गवतसुद्धा एकटे पुरत नाही, आणि जून गवत तर पोट भरूनही उपाशी ठेवते.

कोणते गवत लावायचे

पहिली पसंती गिनी गवताला. पाती भरपूर, देठ कमी, झाडांच्या सावलीतही बऱ्यापैकी वाढते, आणि गिनी पिग ते आवडीने खातात. नेपियर म्हणजे हत्ती गवत उत्पन्नात सगळ्यांच्या पुढे आहे, पण त्याचे देठ ऊसासारखे होतात आणि एवढ्याशा प्राण्याला ते निरुपयोगी असतात. नेपियर लावायचेच असेल तर गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवरच कापायचे, गाईसाठी कापतात तसे डोक्याएवढे होऊ द्यायचे नाही. ब्रॅकियारियाचे संकरित वाण कमी पावसात टिकतात आणि पाती मऊ असते. ग्वाटेमाला गवत कोरड्या दिवसांत हिरवे राहते, पण खरखरीत असते, म्हणून अडीअडचणीचा चारा म्हणून एका कडेला असावे. हरळी, पॅरा, पँगोला ही बारीक देठाची गवतेही चालतात. पॅरा गवत मात्र पाणथळ जमिनीत वाढते, आणि तिथल्या गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या कृमीची बाधा गिनी पिगला होऊ शकते. पाणथळ जागेतला चारा उन्हात पूर्ण वाळवूनच वापरावा.

तीन इशारे. सेटारिया, आणि काही प्रमाणात नेपियर, पँगोला व अंजन गवत, यांत ऑक्झॅलेट जास्त असते. ते कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे गाभण आणि दुधाळ माद्यांना रोज फक्त सेटारिया देणे योग्य नाही. कडवळ आणि सुदान गवत यांच्या कोवळ्या फुटव्यांत सायनाइड तयार करणारे घटक असतात. अर्धा मीटरपेक्षा लहान किंवा पाण्याच्या ताणाने कोमेजलेले पीक अजिबात कापू नका. तिसरा, युरिया नुकताच टाकलेले गवत. त्यात नायट्रेट साचते. खत दिल्यावर निदान तीन आठवडे थांबा.

लागवड आणि वाफ्यांचे चक्र

किती जमीन लागेल, ते आधी काढूया. दहा माद्या, एक नर आणि कायम असणारी पंचवीसेक वाढती पिल्ले असा कळप धरा. मोठ्यांना प्रत्येकी सुमारे २०० ग्रॅम, वाढत्यांना सरासरी १३० ग्रॅम हिरवा चारा खाण्यात जातो. बेरीज साडेपाच किलो. पाती निवडून खाऊन देठ टाकायची मुभा त्यांना हवी, म्हणून प्रत्यक्षात रोज ७ किलो टाकावा लागतो. त्यातला पाव भाग शेंगवर्गीय पाला असला तर गवत उरते रोज सव्वापाच किलो, वर्षाला सुमारे १,९०० किलो. बऱ्या देखभालीत गिनी गवत चौरस मीटरला वर्षाकाठी ८ किलो देईल असे मध्यम गणित ठेवले तर २५० चौरस मीटर पुरतात. सुपीक, पाण्याखालच्या जमिनीत यापेक्षा बरेच जास्त येते, पण नियोजन कमी आकड्यावरच करा.

या २५० चौरस मीटरचे पाच सारखे पट्टे पाडा. गिनी गवताचे मुळ्या असलेले ठोंब पावसाच्या सुरुवातीला ५० × ५० सेंटीमीटरवर लावा. एका जागी दोन-तीन ठोंब, वरची पाती छाटून. नेपियरसाठी दोन-तीन डोळ्यांची कांडी तिरपी खोचून, ओळींत ९० आणि रोपांत ६० सेंटीमीटर अंतर. पहिली कापणी घाईने करू नका. मुळे धरायला अडीच महिने लागतात, त्याआधी विळा लावला तर ठोंब उपटून येतात.

त्यानंतर दर आठवड्याला एक पट्टा कापायचा, रोज थोडा थोडा. पाचवा पट्टा संपेपर्यंत पहिल्याला ३५ दिवस झालेले असतात. भर पावसात हे अंतर २८ दिवसांवर आणा, म्हणजे चारच पट्टे वापरा आणि पाचवा वाळवणीसाठी कापा. एखादा पट्टा मागे पडून निसवायला लागला, तर ते गवत गिनी पिगला घालून ‘संपवण्याचा’ मोह टाळा. ते कापून अंथरुणाला किंवा खतात टाका आणि पट्ट्याचे चक्र पुन्हा सुरू करा. तुरा बाहेर पडण्याआधी, पोटरीत यायच्या आधीच, कापणी झाली पाहिजे, मग कॅलेंडर काहीही म्हणो.

कापताना जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर खोड ठेवा. बुडाशी कापले की फुटवे कमी येतात, आणि चाऱ्यात माती व उंदरांच्या लेंड्या येतात ते वेगळेच.

जमिनीला काय परत द्यायचे हेही याच गणितातून निघते. वर्षाला १,९०० किलो हिरवे गवत म्हणजे सुमारे ३८० किलो कोरडे, आणि त्यातून जवळपास साडेसहा किलो नत्र जमिनीतून उचलले जाते. ते परत गेले नाही तर दुसऱ्या वर्षी गवत पिवळे आणि प्रथिनाने हलके येते, आणि कळपाची वाढ मंदावते. गिनी पिगच्या लेंड्या आणि मुताने भिजलेले अंथरूण दोन-तीन महिने कुजवून, प्रत्येक कापणीनंतर त्याच पट्ट्यात पसरा. ताजे अंथरूण कापणीच्या गवतावर टाकू नका. साल्मोनेला आणि कृमी त्याच वाटेने गव्हाणीत परत येतात.

कापल्यापासून गव्हाणीपर्यंत

सर्वांत जास्त मर या टप्प्यातल्या निष्काळजीपणाने होते, आणि टाळायला सर्वांत सोपीही हीच आहे.

दव पूर्ण उडाल्यावर, सकाळी उशिरा किंवा दुपारनंतर कापा. पावसात कापावेच लागले तर गवत झटकून घ्या. कापलेला चारा पेंढ्या बांधून किंवा पोत्यात दाबून ठेवू नका. हिरव्या ढिगाच्या आत काही तासांत ऊब धरते, आंबणे सुरू होते, आणि असा चारा खाल्लेल्या गिनी पिगचे पोट फुगते. सावलीत, फळ्यांवर किंवा जाळीवर, वितभरापेक्षा कमी जाडीचा थर पसरून तीन-चार तास मलूल होऊ द्या. मध्ये एकदा उलथा. देण्याआधी ढिगात हात घाला. हात कोमट लागला किंवा आंबूस वास आला तर तो चारा टाकून द्या, ‘थोडासाच गरम आहे’ म्हणून देऊ नका. आज कापलेला चारा उद्या दुपारपर्यंत संपला पाहिजे.

कुट्टी करायची का, यावर मतभेद आहेत. आमचा सल्ला: बारीक कुट्टी नको. एक-दोन सेंटीमीटरचे तुकडे केले की पाती आणि देठ यांची सरमिसळ होते, प्राण्याला निवड करता येत नाही आणि तो कमी खातो. गिनी गवत अख्खे किंवा १५ सेंटीमीटरचे तुकडे करून द्या. नेपियरची पाती ओरबाडून द्या, कोवळा शेंडा द्या, जाड कांडे गाईला किंवा खताला.

गवताचा काठ आणि कूस यांकडे लक्ष असू द्या. जून गिनी गवताची पाती करवतीसारखी असते, काही गवतांच्या कुसळ्या हिरड्यांत आणि गालात रुततात. त्या जखमेतून स्ट्रेप्टोकोकस जातीचे जिवाणू आत शिरले की मानेखाली गाठी येतात, त्या पिकून फुटतात आणि एका खोपटातून दुसऱ्यात पसरतात. एकाच वेळी तीन-चार जनावरांच्या गळ्याखाली गाठी दिसल्या तर औषधाबरोबरच गवतही बदला.

चारा जमिनीवर टाकला की त्यावर लघवी पडते आणि निम्मा वाया जातो. गव्हाण जमिनीपासून ८ ते १० सेंटीमीटर उंच, पट्ट्यांतून तोंड आत जाईल पण पिल्लू शिरणार नाही एवढी फट, आणि सगळ्यांना एकाच वेळी खाता येईल एवढी लांब असावी. लांबी कमी पडली तर दांडगे नर पाती खातात आणि दूध तोडलेल्या पिल्लांच्या वाट्याला देठ उरतात.

दिवसाचा चारा दोनदा द्या: एक तृतीयांश सकाळी, दोन तृतीयांश संध्याकाळी. गिनी पिग रात्रीही खातात, आणि उष्ण हवेत तर थंड वेळेतच त्यांना भूक लागते. सकाळी नवा चारा टाकण्याआधी जुना काढा आणि त्याकडे नीट पाहा. टाकलेल्याच्या १५ ते २५ टक्के, तेही मुख्यतः देठ, उरले असतील तर प्रमाण बरोबर आहे. काहीच उरले नसेल तर चारा वाढवा. ४० टक्क्यांच्या वर उरत असेल तर गवत जून आहे किंवा जनावर आजारी आहे.

एका जनावराचा हिशेब

७०० ग्रॅमचे वाढते जनावर धरा. त्याचा दिवसाचा कोरडा आहार वजनाच्या सुमारे ६ टक्के, म्हणजे ४० ते ४५ ग्रॅम. प्रथिने हवीत साधारण साडेसहा ग्रॅम. नुसते २०० ग्रॅम कोवळे गिनी गवत दिले, तर त्यातून ४० ग्रॅम कोरडा चारा आणि सुमारे ४.४ ग्रॅम प्रथिने मिळतात. एक तृतीयांश तूट.

आता १२५ ग्रॅम गवत, ४५ ग्रॅम शेंगवर्गीय पाला आणि १० ग्रॅम गव्हाचा कोंडा असे द्या. गवतातून २.७५, पाल्यातून २.२, कोंड्यातून दीड ग्रॅम. बेरीज जवळजवळ साडेसहा. हे आकडे पोटात जाणाऱ्या चाऱ्याचे आहेत. गव्हाणीत टाकताना देठांचा पाव भाग वाढवून टाका. भर पावसात गवतात पाणी जास्त असते, कोरडा भाग वीस टक्क्यांवरून पंधरावर येतो. तेव्हा तेवढ्याच पोषणासाठी सुमारे एक तृतीयांश जास्त गवत लागते आणि जनावराच्या पोटात तेवढी जागा नसते. पावसाळ्यात हिरवेगार खाऊनही वाढ मंद दिसते ती यामुळे. त्या दिवसांत मलूल करण्याचा वेळ वाढवा आणि कोंडा पाच ग्रॅमने.

दूध पाजणाऱ्या मादीला पाल्याचे प्रमाण एक तृतीयांशापर्यंत न्या आणि कोंडा २० ते ३० ग्रॅम करा. कोंड्यात दळलेला मका एक तृतीयांशापर्यंत मिसळता येतो. कोंबड्यांचे तयार खाद्य वापरू नका, त्यात मिसळलेली औषधे गिनी पिगच्या आतड्यातल्या जिवाणूंना घातक ठरू शकतात. पिल्ले जन्मतःच डोळे उघडलेली, केसाळ असतात आणि पहिल्या एक-दोन दिवसांत गवत कुरतडू लागतात. त्यांच्यासाठी शेंड्याची मऊ पाती रोज मूठभर वेगळी टाका. दूध दोन-तीन आठवड्यांनी तोडा.

गाभण मादीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत गव्हाण एक रात्रसुद्धा रिकामी राहू देऊ नका. गाभणकाळ साधारण ६८ दिवसांचा आणि पिल्ले मोठी, त्यामुळे पोटात चाऱ्याला जागा कमी पडते. अशा लठ्ठ मादीला उपास घडला तर अंगातली चरबी भराभर वितळून रक्तात विषारी घटक साचतात आणि ती दोन-तीन दिवसांत दगावते. त्या वेळी उपचार क्वचितच लागू पडतो.

सोबतचा पाला

डेस्मोडियम, स्टायलो, दशरथ घास, चवळी, रानभुईमूग, लसूणघास यांपैकी जे तुमच्या जमिनीत टिकेल ते लावा. गवताच्या पट्ट्यांच्या कडेने लावले तर वेगळी जागाही फारशी लागत नाही. रताळ्याचे वेल शेंगवर्गीय नाहीत, पण गिनी पिगला त्यापेक्षा आवडता चारा क्वचितच सापडेल. पाणीदार असल्याने रोजच्या चाऱ्याच्या पाव भागापर्यंतच द्या. शेवग्याचा पाला प्रथिने, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व या तिन्हींसाठी चांगला आहे.

सुबाभूळ मोजूनच द्या. त्यातल्या मिमोसीनमुळे केस गळतात आणि गर्भावर परिणाम होतो. एकूण चाऱ्याच्या दहा टक्क्यांपर्यंत ठीक, गाभण माद्यांना मुळीच नको. गिरिपुष्पाच्या शास्त्रीय नावातला ग्लिरिसिडिया हा शब्दच ‘उंदीर मारणारा’ या अर्थाचा आहे. त्याचा पाला आंबला किंवा बुरसला की त्यात रक्त न गोठू देणारा घटक तयार होतो. गिनी पिगही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्याच गणातला, त्यामुळे दुसरा पाला मिळत असेल तर हा टाळा. कसावाचा पाला चिरून दिवसभर वाळवल्याशिवाय देऊ नका, त्यातही सायनाइड असते.

घाणेरी, एरंड, धोतरा, कण्हेर, गाजर गवत, नेचे आणि अ‍ॅव्होकॅडोची पाने चाऱ्यात चुकूनही येता कामा नयेत. गवत कापणारा माणूस बदलला की हे त्याला वाफ्यात नेऊन दाखवा.

क जीवनसत्त्व, पाणी, मीठ

गिनी पिगचे शरीर माणसासारखेच क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. दर किलो वजनाला रोज किमान १० मिलिग्रॅम लागते, वाढत्या आणि गाभण जनावरांना २० ते ३०. ताजा हिरवा चारा भरपूर असेल तर वेगळे काही द्यावे लागत नाही. पण वाळल्यावर हे जीवनसत्त्व जवळपास नाहीसे होते, आणि हिरवे बंद झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत लक्षणे दिसतात: सुजलेले सांधे, उचलताच ओरडणे, मागच्या पायांनी फरफटत चालणे, राठ केस, हिरड्यांतून रक्त. यावर जंतुनाशक औषधे देऊन काही साधत नाही. उलट पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांसारखी औषधे तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जनावर हगवणीने जाते.

भरपूर हिरव्या चाऱ्यावर गिनी पिग पाणी कमी पितात, म्हणून त्यांना पाणीच लागत नाही असा समज पसरला आहे. तो उष्ण प्रदेशात जीवघेणा आहे. पाणी कायम ठेवा. कोरड्या चाऱ्यावर तर वजनाच्या १० टक्के आणि त्याहून जास्त पाणी लागते. खोपटातले तापमान १८ ते २४ अंशांच्या आसपास असावे. तीसच्या वर खाणे घटते, आणि गाभण माद्या सगळ्यांत आधी कोसळतात. साधे मीठ कोंड्याच्या अर्धा टक्का, म्हणजे किलोला ५ ग्रॅम.

चारा बदलताना

अंधांत्रातल्या जिवाणूंना नवा चारा ओळखायला वेळ लागतो. पहिले तीन दिवस पाव भाग नवा, पुढचे तीन दिवस निम्मा, मग तीन दिवस पाऊण, दहाव्या दिवशी पूर्ण. पहिल्या पावसानंतरचे कोवळे लुसलुशीत गवत आणि ओली चवळी यांच्या बाबतीत हे काटेकोर पाळा. पाळले नाही तर दोन गोष्टी होतात. लेंड्या मऊ होऊन शेपटीच्या जागी चिकटतात, किंवा पोट ढोलासारखे ताणते आणि जनावर कोपऱ्यात गोळा होऊन बसते. हगवण दिसताच कोंडा आणि पाला थांबवा, पण गवत थांबवू नका. चांगले वाळलेले, बुरशी नसलेले गवत आणि पाणी द्या. फुगलेल्या जनावराला उभे करून हलक्या हाताने चालवा, आणि तासाभरात फरक दिसला नाही तर पशुवैद्य गाठा.

खाण्याची इच्छा आहे, गव्हाणीपाशी येते, पाती तोंडात धरते आणि टाकते, हनुवटी लाळेने ओली, असे दिसले तर दात पाहा. त्याचे सगळे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. कोंड्यावर जास्त आणि गवतावर कमी ठेवलेल्या जनावरात दाढा वाढून जिभेवर येतात. असे जनावर वजन गमावत राहते, त्याला वेळेवर कळपातून काढणेच शहाणपणाचे.

कोरडे महिने

पाऊस थांबल्यावर दोन महिन्यांत गवताचे उत्पन्न निम्म्यावर येते, म्हणून तयारी पावसातच करायची. जादा पट्ट्याचे गवत ३० ते ३५ दिवसांचे असताना, सलग दोन-तीन उघडे दिवस पाहून कापा, पातळ पसरा, रोज दोनदा उलथा. देठ पिळल्यावर ओल जाणवली नाही आणि वाकवल्यावर तो कडकन मोडला तरच साठवा. हिरवट रंग आणि गोडसर वास टिकला असेल तर वाळवण उत्तम. काळे डाग, धुरळा, कुबट वास असलेले वाळवण अंथरुणालाही नको, कारण ते अंथरूण गिनी पिग खातातच.

वाळवणावर कळप असताना प्रत्येक जनावराला रोज निदान ५० ते ६० ग्रॅम ताजे हिरवे मिळालेच पाहिजे: शेवगा, कोबीची बाहेरची पाने, रताळ्याचे वेल, ग्वाटेमाला गवताचा शेंडा, काहीही. तेही नसेल तर पाण्यात लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व विरघळवा. धातूचे भांडे नको, उजेडात ठेवू नका, आणि रोज नवे करा. कालचे पाणी आज जवळजवळ निरुपयोगी असते.

चारा तरीही कमी पडणार असे दिसले, तर सगळ्यांना थोडे थोडे देऊन कळप ओढत नेऊ नका. आधी जादा नर आणि हळू वाढणारी जनावरे विका, मग म्हाताऱ्या माद्या. उरलेल्यांना पोटभर द्या.

वजन आणि विक्रीची वेळ

आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, सकाळचा चारा टाकण्याआधी प्रत्येक खोपटातली तीन-चार ठरावीक जनावरे वजन करा. पोटातल्या चाऱ्यामुळेच वजनात बराच फरक पडतो, म्हणून वेळ पाळा. अँडीजमधल्या सुधारित जाती चांगल्या खुराकावर नऊ-दहा आठवड्यांत ८०० ते १,००० ग्रॅम होतात. उष्ण प्रदेशातली गावठी, लहान चणीची जनावरे तेवढी होत नाहीत, त्यांना त्याच मापाने मोजू नका. त्यांच्या स्वतःच्या आलेखाकडे पाहा. दूध तोडल्यानंतर वाढ चढत जाते, काही आठवडे स्थिर राहते आणि मग उतरते. सलग दोन आठवडे वाढ आधीच्या निम्म्याच्या खाली आली, चारा चांगला आहे आणि जनावर निरोगी आहे, तर ते विक्रीला तयार आहे. त्यापुढे घातलेल्या गवताची मुख्यतः चरबीच होते. कापण्याच्या आदल्या संध्याकाळचा चारा बंद करा, पाणी मात्र शेवटपर्यंत चालू ठेवा.